इस्नोफिल वाढलेत म्हणजे नक्की काय?

जुलैचा महिना होता. तिसऱ्या तासाला मराठीचं वाचन चाललं होतं. सहावीतली एक मुलगी वाचायला उभी राहिली, दोन ओळी वाचल्या आणि थांबली. मला वाटलं शब्दाला अडली. जवळ गेलो तर तिचे खांदे वरखाली होत होते आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. कुणी पाणी आणलं, कुणी वहीने वारा घातला. यापलीकडे आम्हाला काही येत नव्हतं. थोड्या वेळाने तिची आई आली. मी विचारलं, हिला दमा आहे का? आईने घाईघाईने मान हलवली.

"नै नै सर, दमा-बिमा कुछ नै. खाली इस्नोफिल बढे है. हर बारिश में बढते."

दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकच्या पिशवीत चार वर्षांचे रिपोर्ट घेऊन आली. प्रत्येक कागदावर एका ओळीखाली लाल पेनाची रेघ. 9 टक्के, 11 टक्के, 8 टक्के, एकदा 14. दर पावसाळ्यात रक्त तपासायचं, पंधरा दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायचं. पंप कुणी सुचवलाच नव्हता असं नाही. पण घरात ठरलं होतं की पंप एकदा लागला की सुटत नाही, आणि मुलीच्या जातीला तर तो नकोच. "और सासूबाई बोलते, मैंने केला खिलाया इसलिए होता," हे तिने जाता जाता हळूच सांगितलं.

मी भाषेचा मास्तर आहे, डॉक्टर नाही. कुठल्या मुलाला काय औषध द्यावं हे सांगायचा मला अधिकार नाही आणि इथे ते सांगणारही नाही. पण लाल रेघेखालचा तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आजाराचं नाव घ्यायला घाबरणारी आई रक्तातल्या एका आकड्याचं नाव मात्र निवांतपणे घेत होती. हा शब्द आपल्या घरात आला कुठून, आणि या आकड्याचं खरं काम काय, याच्या मागे मी लागलो.

सुरुवात अर्थातच 'दमा'पासून. फारसीत दम म्हणजे श्वास. मराठीने तो शब्द घेतला आणि त्याचं सोनं केलं: दम लागणे, दम धरणे, दम खाणे. उर्दूत हमदम म्हणजे ज्याच्या सोबतीने श्वास घ्यावा असा जिवलग. इतक्या सुंदर शब्दाला एक काना लागला की घरातली माणसं आवाज खाली करतात. अरबीत या आजाराला रब्व म्हणत. साधारण 1190 च्या सुमारास कैरोमध्ये मुसा बिन मैमून या यहुदी हकिमाने, ज्याला युरोप मायमोनिडीस म्हणून ओळखतो, एका बड्या रुग्णासाठी अरबीत रब्वावर एक पुस्तिका लिहिली. हवा, झोप, आहार यांवर तिचा भर आहे, आणि कोंबडीचं सूपही आहे. पुढे 1242 मध्ये इब्न अल-नफीसने लिहून ठेवलं की हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं.

आपल्याकडचे बरेच लेख इथेच संपतात. सगळं आपल्याच हकिमांनी शोधलं, सुभानल्लाह, पुढच्या महिन्यात भेटू. माझं तसं समाधान होत नाही. त्या हकिमांचं निरीक्षण अफाट होतं, पण रक्ताच्या थेंबात काय आहे हे पाहायला त्यांच्याकडे साधनच नव्हतं. ते साधन कापड रंगवणाऱ्यांच्या कारखान्यातून आलं.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग बनू लागले. त्यातल्या एका लालसर गुलाबी रंगाला ग्रीकांच्या पहाटेच्या देवतेवरून, इओसवरून, इओसिन नाव पडलं. आपण उषा म्हणतो तीच. पॉल एर्लिक नावाच्या तरुण डॉक्टरला रंगांचं वेड होतं. रक्ताचा थेंब काचेवर पसरून तो सुकवायचा, तापवायचा आणि त्यावर निरनिराळे रंग घालून बघायचा. 1879 मध्ये त्याला काही पांढऱ्या पेशी दिसल्या, ज्यांच्या पोटातले दाणे हा रंग अधाशासारखे पितात. इओसिनवर प्रेम करणाऱ्या म्हणून त्या इओसिनोफिल. आपला 'इस्नोफिल' तोच, रस्त्यात थोडा झिजलेला. दहाच वर्षांत या पेशी दमेकऱ्यांच्या थुंकीत सापडल्या आणि लगेच रक्तातही वाढलेल्या दिसल्या. त्या दम्याचं कारण आहेत की परिणाम, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

आता आपल्या घराकडे. 1940 मध्ये आजच्या आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातले डॅनिश डॉक्टर फ्रिमोट-मोलर आणि त्यांचे सहकारी बार्टन यांनी काही विचित्र रुग्णांची नोंद केली. छातीचा फोटो क्षयासारखा, पण क्षय नाही, आणि रक्तात इओसिनोफिल भरमसाट. 1943 मध्ये वाइनगार्टन नावाच्या डॉक्टरने भारतातल्या अशाच 81 रुग्णांवर 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला आणि आजाराला नाव दिलं, ट्रॉपिकल इओसिनोफिलिया. रात्री खोकल्याची उबळ, दमेकऱ्यासारखी घरघर, वजनात घट. एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी पाचशेच्या आत असायला हव्यात, इथे त्या तीन हजारांच्या वर. त्याने आर्सेनिकच्या औषधाने लोक बरे केले. पुढे कळलं की हा हत्तीरोगाच्या जंतूंविरुद्ध शरीराने काढलेला राग आहे, आणि हेट्राझानच्या गोळ्यांनी तो बरा होतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांना हत्तीरोग काय ते सांगायला नको.

म्हणजे इस्नोफिलिया नावाचा खरा आजार होता आणि आहे. पण गंमत अशी झाली की आजार थोड्या लोकांना, आणि नाव सगळ्यांना मिळालं. क्षय किंवा दमा म्हटलं की मुलीचं लग्न अडतं, इस्नोफिलिया म्हटलं की कुणाचं काही अडत नाही. डॉक्टरलाही सोपं, आईलाही सोपं. आठ-नऊ टक्क्यांचा रिपोर्ट आला की खोकल्याला नाव मिळालं. त्यात टक्क्यांचा घोळ वेगळाच. एकूण पांढऱ्या पेशी सहा हजार असतील तर 8 टक्के म्हणजे 480, आणि बारा हजार असतील तर तेच 8 टक्के म्हणजे 960. टक्क्यांवरून काहीच ठरत नाही, पाहायचा असतो तो प्रत्यक्ष आकडा. माझ्या विद्यार्थिनीच्या एकाही कागदावर तो कुणी काढलेला नव्हता. गुणाकार मी केला, गणिताच्या मास्तरांकडून तपासून घेतला. 14 टक्क्यांच्या वर्षाचाही आकडा हजाराच्या थोडा वर होता. तीन हजार फार लांब.

याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं ते वाचून मला त्या मुलीची आई आठवली. दमा हा मनाचा आजार आहे, असं तिकडच्या बऱ्याच मोठ्या डॉक्टरांचं मत होतं. घुसमटलेला श्वास म्हणजे आईसाठी दाबून धरलेलं रडणं, असा सिद्धांत 1940 च्या दशकात गंभीरपणे मांडला गेला. मरे पेश्किन नावाचे बालदम्याचे डॉक्टर होते. त्यांनी एक उपाय सुचवला आणि त्याला शस्त्रक्रियेसारखं नाव दिलं, पॅरेंटेक्टमी. टॉन्सिल काढतात तसे आईबाप काढायचे. डेन्व्हर शहरात दमेकरी मुलांसाठी एक मोठी निवासी संस्था होती. देशभरातून मुलं तिथे यायची आणि दीड-दोन वर्षं घराविना राहायची. बरीच मुलं बरी व्हायचीही. मग काय, दोष आईचाच ठरला.

डेन्व्हरची हवा उंचावरची, कोरडी. तिथे घरातली गादी नव्हती, गादीतली धूळ नव्हती, मांजर नव्हतं. मूल आईपासून तुटलं म्हणून बरं झालं की धुळीपासून तुटलं म्हणून? तिथल्याच संशोधकांनी पुढे उलटा प्रयोग केला. मुलाला त्याच्या घरातच ठेवलं आणि घरच्यांना दोन आठवडे बाहेर राहायला पाठवलं. काही मुलांचा दमा खरंच कमी झाला, काहींचा झाला नाही. ताणाचा परिणाम असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळ्या मुलांना एकच चावी लागत नव्हती.

आणि त्याच डेन्व्हरच्या संस्थेच्या संशोधनशाळेत 1966 मध्ये आईवरच्या आरोपाला रक्तातून उत्तर मिळालं. त्याची पूर्वकथा पंचेचाळीस वर्षांची. 1921 मध्ये जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक अफलातून प्रयोग केला. क्युस्टनरला मासे चालत नसत. त्याच्या रक्ताचं पाणी प्राउस्निट्झने स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. जागा सुजली. मासे चालणाऱ्या माणसाची कातडी तेवढ्यापुरती मासे न चालणाऱ्याची झाली. म्हणजे ॲलर्जी रक्तातून नेता येते, ती कुठल्यातरी पदार्थात आहे. तो पदार्थ इतका थोडा असतो की वर्षानुवर्षं हाती लागेना. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोने तो वेगळा काढला. चाचण्यांसाठी त्यांनी स्वतःच्या पाठी वापरल्या. स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांना तोच पदार्थ दुसऱ्या वाटेने सापडला, आणि 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याला नाव मिळालं, आयजीई. आता मुलाच्या रक्तातून विचारता येऊ लागलं की बाळा, तुला कशाचा त्रास होतो? धुळीतल्या किड्यांचा, परागांचा की झुरळांचा? ज्या संस्थेत मुलं आईपासून तोडली जात होती, तिथूनच हे निघावं याला मी योगायोग म्हणतो. काही जण दुसरं काही म्हणतील.

आता मूळ मुद्द्यावर. हे आकडे औषध ठरवायला कामाला कधी लागले?

1956 मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्टिझोन या स्टेरॉइडची जुनाट दम्यावर चाचणी झाली. चाचणी शिस्तीची, सरकारी, आणि निकाल निराशाजनक. फारसा फायदा नाही. डर्बीच्या हॅरी मॉरो ब्राउन या डॉक्टरला हे पटेना, कारण त्याच्या डोळ्यांसमोर काही रुग्ण उठून चालायला लागले होते. त्याच्याकडे एक साधा सूक्ष्मदर्शक होता. तो प्रत्येक रुग्णाची थुंकी काचेवर घेऊन पाहू लागला. ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल, त्यांना स्टेरॉइडचा फरक पडत होता. ज्यांच्यात नाहीत, त्यांना नाही. 1958 मध्ये त्याने हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं. सरकारी चाचणीत दोन्ही प्रकारची माणसं एकाच पिशवीत होती आणि सरासरीने बऱ्या होणाऱ्यांना झाकून टाकलं होतं. याच माणसाने 1972 मध्ये तोंडातून ओढायच्या स्टेरॉइडचे, म्हणजे आजच्या पंपातल्या औषधाचे, पहिले चांगले निकाल दाखवले. 1975 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रक्तातल्या इओसिनोफिलच्या संख्येवरून स्टेरॉइडचा डोस कमी-जास्त करता येतो असं लिहिलं.

इथे गोष्ट सरळ पुढे जायला हवी होती. पण पंप इतका गुणकारी निघाला की थुंकी आणि रक्त पाहायची गरज कुणाला वाटेना. सगळ्यांना द्या, बहुतेकांना लागू पडतं. मॉरो ब्राउनचा सूक्ष्मदर्शक लोक विसरले.

विसरल्याची किंमत पुढच्या औषधाने मोजली. मेपोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन निघालं, इओसिनोफिल वाढवणारा निरोप अडवणारं. 2000 मध्ये चाचणी झाली, पेशी घटल्या, पण दम्यात फरक नाही. 2007 मध्ये मोठी चाचणी, तरीही नाही. औषध मोडीत निघायच्या बेतात होतं. मग 2009 मध्ये इंग्लंडच्या लेस्टरमध्ये आणि कॅनडाच्या हॅमिल्टनमध्ये दोन छोट्या गटांनी फक्त असे रुग्ण निवडले ज्यांच्या इओसिनोफिल स्टेरॉइड घेऊनही वाढलेल्याच राहत होत्या. त्यांचे दम्याचे झटके कमी झाले. औषध तेच, बदलली ती निवड. 1956 ची चूक पन्नास वर्षांनी पुन्हा झाली होती. शिकलेली माणसंही विसरतात, हे आम्हा शिक्षकांना नवीन नाही.

मुलांचा हिशेब आणखी अवघड. पाच वर्षांखालची कित्येक मुलं सर्दी झाली की घरघरतात आणि मोठी होता होता बरी होतात. काहींचा मात्र पक्का दमा होतो. त्या वयात नळीत फुंकायची चाचणी जमत नाही, त्यामुळे दोघं वरून सारखीच दिसतात. 2009 मध्ये ब्रिटनमधल्या 687 लहान मुलांवर चाचणी झाली. सर्दीच्या विषाणूमुळे घरघर सुरू होऊन दवाखान्यात आलेल्या या मुलांपैकी निम्म्यांना स्टेरॉइडचं तोंडाने घ्यायचं औषध दिलं. दवाखान्यातला मुक्काम काही कमी झाला नाही. आपल्याकडे मात्र अशा मुलाला दर सर्दीला ते गोड औषध पाजलं जातं. मग 2016 मध्ये अमेरिकेतून निकाल आला. एक ते पाच वर्षांच्या 300 मुलांना आळीपाळीने तीन प्रकारचे उपचार देऊन कुणाला काय लागू पडतं ते पाहिलं गेलं. ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल 300 च्या वर आणि हवेतल्या कशाची तरी ॲलर्जी, त्यांना रोजच्या पंपाचा सर्वांत जास्त फायदा झाला. बाकीच्यांमध्ये तिन्ही उपचारांत ठळक फरक दिसला नाही. थेंबभर रक्ताने दोन सारखी दिसणारी मुलं वेगळी करता येऊ लागली.

मोठ्या मुलांत इंजेक्शनं आली. आयजीईला पकडणारं ओमालिझुमॅब मुलाचं वजन आणि रक्तातलं आयजीई पाहूनच मोजून देतात. 2011 मध्ये अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांतल्या मुलांवरचे आणि तरुणांवरचे निकाल आले. औषधाविना 48.8 टक्के जणांना झटका आला, औषधाने 30.3 टक्क्यांना. सुट्टी संपून शाळा उघडली की तिकडे झटक्यांची लाट येते, ती जवळजवळ सपाट झाली. शाळा उघडली की आमच्याकडेही खोकला उघडतो, पण आम्ही त्याला पावसाची हवा म्हणतो. 2021 मध्ये 6 ते 11 वर्षांच्या मुलांत डुपिलुमॅबने झटके निम्म्याहून अधिक घटवले, आणि ज्यांच्या इओसिनोफिल 300 किंवा त्याहून जास्त होत्या त्यांच्यात सर्वाधिक.

पण 2022 चा निकाल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्यांना तारणारं तेच मेपोलिझुमॅब अमेरिकेतल्या गरीब शहरी वस्त्यांतल्या 290 मुलांना दिलं गेलं, बहुतेक काळी आणि हिस्पॅनिक. इओसिनोफिल तपासूनच निवडली होती. पेशी घटल्या, झटके मात्र 27 टक्केच कमी झाले, मोठ्यांच्या मानाने बरेच कमी. मुलाच्या छातीत या पेशींखेरीज आणखीही काही बिघडलेलं असतं, आणि ते हा आकडा सांगत नाही. झुरळं, ओल, धूर, रस्त्यालगतची खोली, हे तर कुठल्याच रिपोर्टवर छापून येत नाही.

आपल्याकडे तर आकडा वाचणं आणखी नाजूक. जंतांनी इओसिनोफिल वाढतात आणि आयजीईही वाढतं. सकाळी आकडा कमी येतो, रात्री जास्त. स्टेरॉइडचं औषध नुकतंच घेतलेलं असेल तर पेशी जवळजवळ गायब होतात, आणि घरचे म्हणतात, बघा, बरा झाला. अमेरिकेतल्या मुलाचा 300 चा आकडा आणि आमच्या वस्तीतल्या अनवाणी मुलाचा 300 चा आकडा एकच गोष्ट सांगतील असं समजता येत नाही. आकडा नुसता पाहून चालत नाही. घरघर, रात्रीचा खोकला, घरात कुणाला ॲलर्जी, जंतांची गोळी कधी घेतली, हे सगळं विचारणारं माणूस समोर लागतं. महागडी इंजेक्शनं बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहेत. पण साधी रक्ततपासणी आणि पंप आवाक्यात आहेत, आणि ते माझ्या विद्यार्थिनीच्या चार वर्षांच्या कागदांत एकत्र कधीच आले नव्हते.

तिच्या आईला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, बाजी, केळ्याचा दोष नाही आणि तुमचा तर अजिबात नाही. पिशवी घेऊन एकदा मुलांच्या छातीच्या डॉक्टरकडे जा, आणि त्यांना 'हिला दमा आहे का' असं सरळ विचारा. त्या गेल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलीच्या दप्तरात पंप आला आणि त्याला लावायची प्लास्टिकची नळी. पहिले काही दिवस ती तो रुमालात गुंडाळून ठेवायची.

फेब्रुवारीत जंतनाशक दिन आला. 2015 पासून त्या गोळ्या आम्हा शिक्षकांच्याच हातून वाटल्या जातात. रांगेत तिचा नंबर आला, तिने गोळी चावली, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "सर, याने पण माझे इस्नोफिल कमी होतील?"

"जंत असतील तर होतील," मी म्हणालो. "नसतील तर नाही. पंप मात्र बंद करायचा नाही."

"तो नै करत, सर," म्हणाली आणि वर्गात पळाली. मी जिन्यापर्यंत पाहत राहिलो. धापा टाकत नव्हती.